डॉ. होमी भाभा आणि न दिसणारी धूळ

गेल्या वर्षी नववीच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने वहीच्या शेवटच्या पानावर एक चित्र काढून मला दाखविले. पिवळ्या रंगावर तीन पाती आणि मधोमध एक गोल ठिपका. वडिलांचा हात मोडला म्हणून ती त्यांच्याबरोबर वाशीमच्या एका दवाखान्यात गेली होती. तेथे एक्स-रेच्या खोलीच्या दारावर तिला हे चिन्ह दिसले. तिचा प्रश्न असा, की आत जे काही आहे ते दाराच्या फटीतून बाहेर येऊन आपल्या कपड्यांना चिकटते काय, आणि चिकटले तर ते आपण रिठदपर्यंत घेऊन येतो काय?

मी बी. ए., बी. एड. इतिहास व मराठी हे माझे विषय. त्या दिवशी मला तिला नीट उत्तर देता आले नाही. पुढे विज्ञानाच्या शिक्षकांना विचारले, काही पुस्तके मागवून वाचली. वाचताना एक व्यक्ती पुन्हा पुन्हा समोर येऊ लागली, ती म्हणजे डॉ. होमी जहांगीर भाभा. स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहा असे संपादक मंडळाने सांगितले, तेव्हा मी त्यांचेच नाव दिले. भाभांची चरित्रे पुष्कळ आहेत. पण अणुभट्टी उभारणाऱ्या भाभांविषयी जेवढे लिहिले जाते, तेवढे त्या भट्टीपासून कोणाला इजा होऊ नये म्हणून लेखी आदेश काढणाऱ्या भाभांविषयी लिहिले जात नाही. आपण या लेखात मुख्यतः त्या दुसऱ्या भाभांची ओळख करून घेऊ.

होमी भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुविद्य पारशी घराण्यात झाला. वडील जहांगीर भाभा हे बॅरिस्टर. घरी पुस्तकांचा मोठा संग्रह, पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या, चित्रे. आत्या मेहरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. त्यामुळे मुलाने इंजिनियर व्हावे आणि जमशेदपूरच्या पोलादाच्या कारखान्यात जावे असे घरच्यांनी ठरवून टाकले होते. १९२७ साली ते केंब्रिजला गेले. तेथे यंत्रांपेक्षा गणितात आणि पदार्थविज्ञानात त्यांचे मन रमू लागले. त्यांनी वडिलांना तसे पत्र लिहिले. वडिलांनी व्यवहारी तोड काढली. आधी इंजिनियरिंगमध्ये पहिला वर्ग मिळव, मग गणिताचा खर्च मी देतो. १९३० साली पहिला वर्ग मिळाला आणि वडिलांनी शब्द पाळला. मुलाच्या कलाविषयी घरोघर चाललेल्या भांडणांत हा तोडगा मी पालकसभेत दोनतीनदा सांगितला आहे.

होमी केंब्रिजला असतानाच, १९३१ साली, आत्या मेहरबाई रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. दोराबजींनी या रोगाच्या संशोधनासाठी त्यांच्या नावे विश्वस्त निधी काढला. किरणोत्सर्गाने हा रोग होऊ शकतो, ही गोष्ट पुढे हिरोशिमा व नागासाकीतून वाचलेल्या लोकांत तो वाढलेला दिसला तेव्हा साऱ्या जगाला कळून चुकली. आत्याच्या आजाराचा त्याच्याशी संबंध होता असे मी म्हणत नाही. पण ज्या घरात हा रोग पाहिलेला आहे, त्या घरातला मुलगा पुढे देशाच्या अणुकार्यक्रमाचा प्रमुख झाला, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

भाभांचे पहिले मोठे संशोधन विश्वकिरणांवर आहे. अवकाशातून अतिशय वेगवान कण सतत पृथ्वीकडे येत असतात. असा एक कण वातावरणाच्या वरच्या थरात हवेच्या अणूवर आदळला, की त्यातून नवे कण निघतात, ते पुढच्या अणूंवर आदळतात, त्यातून आणखी निघतात, आणि जमिनीकडे येईपर्यंत त्यांचा वर्षाव होतो. हा वर्षाव कसा घडतो याचे गणित भाभा आणि हाइटलर यांनी १९३७ साली मांडले. यातून एक गोष्ट आपल्यासारख्या सामान्य वाचकाने समजून घ्यावी. किरणोत्सर्ग हा माणसाने निर्माण केलेला नाही. तो आकाशातून येतो, जमिनीतल्या युरेनियम व थोरियममधून येतो, आपल्या शरीरातल्या पोटॅशियममधूनही थोडा येतो. केरळच्या किनाऱ्यावर चवरा भागात काळी मोनाझाइटची वाळू आहे. तेथील लोकांना तो इतरांच्या कितीतरी पट मिळतो. तरी तेथील कर्करोगाच्या आजवरच्या मोठ्या पाहणीत त्यामुळे रोग वाढल्याचे दिसून आलेले नाही. आपल्या रिठदच्या खाली जो काळा पाषाण आहे, त्यात ही द्रव्ये फारच कमी असतात. तेव्हा या बाबतीत आपली जमीन गरीबच म्हणायची, आणि या गरिबीचे दुःख करण्याचे कारण नाही.

१९३९ साली भाभा सुटीवर घरी आले आणि युरोपात महायुद्ध पेटले. परत जाणे राहून गेले. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर रामन यांच्याजवळ ते काम करू लागले. १९४१ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षाच्या आतच, ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद झाले. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी टाटा विश्वस्त निधीला एक पत्र लिहून मूलभूत संशोधनाची संस्था मागितली, आणि पुढल्या वर्षी टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. या पत्राची तारीख नीट पाहा. हिरोशिमावर बॉम्ब पडला ६ ऑगस्ट १९४५ रोजी. म्हणजे अणूच्या शक्तीचे भयंकर रूप जगाने पाहण्याच्या वर्षभर आधीच हा मनुष्य त्या शास्त्राची पेरणी करण्याची तयारी करीत होता.

१९४८ साली अणुशक्ती आयोग स्थापन झाला व भाभा त्याचे अध्यक्ष झाले. १९५४ साली मुंबईजवळ तुर्भे येथे अणुशक्ती केंद्राचे काम सुरू झाले. हेच साल आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरातील बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. स्फोट अंदाजापेक्षा कितीतरी मोठा, म्हणजे १५ मेगाटनांचा झाला. बेटावरील प्रवाळाचा भुगा होऊन तो आकाशात चढला आणि काही तासांनी शेकडो मैलांच्या टापूत पांढऱ्या राखेसारखा खाली आला. राँगेलाप बेटावरील मुले त्या राखेत खेळली. फुकुर्यू मारू नावाच्या जपानी मासेमारी बोटीवर २३ खलाशी होते. राख त्यांच्या केसांत, कपड्यांत, जेवणात गेली. बंदरावर परततात तो सगळे आजारी. त्यांतला एक, कुबोयामा, सप्टेंबरमध्ये मरण पावला. स्फोटाजवळ नसलेली, कोणाशी वैर नसलेली माणसे केवळ वाऱ्याने आलेल्या धुळीने मारली जातात, हे जगाने त्या वर्षी पाहिले.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येऊ. एक्स-रेचे यंत्र विजेच्या बॅटरीसारखे आहे. बटण दाबले की किरण निघतात, सोडले की थांबतात. बॅटरीच्या प्रकाशाने जसे आपले कपडे मागाहून चमकत राहत नाहीत, तसे एक्स-रेने कपड्यांना काही चिकटत नाही. ते चिन्ह यंत्र चालू असताना आत जाऊ नये म्हणून आहे. किरण ही एक गोष्ट आणि किरण सोडणारी धूळ ही दुसरी गोष्ट. बॉम्बमधून किंवा फुटलेल्या अणुभट्टीतून बाहेर पडते ती दुसरी. तिचा कण जेथे जाईल तेथे आपला दिवा बरोबर घेऊन जातो, आणि तो दिवा विझवण्याचे बटण कोणापाशीच नाही. आपल्या वेळेने तो मंद होईल तेवढाच.

ही धूळ पसरते कशी, हे शेतकऱ्याच्या मुलांना समजावून सांगणे सोपे आहे. खळ्यावर धान्य उफणताना दाणा पायाशी पडतो आणि भूस वाऱ्याने लांब जाते. तसेच येथे होते. जड कण स्फोटाच्या जागेजवळ पडतात. बारीक कण ढगांच्या थरात वाऱ्याबरोबर काही दिवस, काही आठवडे फिरतात आणि पावसाबरोबर खाली येतात. म्हणून जेथे पाऊस पडेल तेथे ते जास्त. दोन गावे शेजारी असली तरी एकावर सर आली आणि दुसऱ्यावर नाही, तर हिशेब वेगळा. मोठ्या बॉम्बची धूळ मात्र ढगांच्याही वर जाते. तेथे तिला धुऊन काढणारा पाऊस नाही. ती वर्ष-दीड वर्ष पृथ्वीभोवती फिरत राहते आणि हळूहळू साऱ्या देशांवर उतरते.

पुढचा प्रवास अधिक नाजूक आहे. शरीराला नवे द्रव्य ओळखता येत नाही, ते त्याला आपल्या ओळखीचेच समजते. स्ट्रॉन्शियम-९० हे कॅल्शियमसारखे दिसते, म्हणून ते हाडांत जाऊन बसते. सिझियम-१३७ पोटॅशियमची जागा घेऊन स्नायूंत शिरते. आयोडिन-१३१ गळ्याजवळच्या कंठस्थ ग्रंथीत साठते, कारण त्या ग्रंथीला आयोडिनची भूक असते, आणि वाढत्या मुलांत ती भूक मोठी. आयोडिनचा जोर दर आठ दिवसांनी निम्मा होतो. ऐंशी दिवसांनी हजारात एक भाग उरतो. स्ट्रॉन्शियमला निम्मे होण्यास सुमारे २९ वर्षे लागतात आणि सिझियमला ३०. गवतावर पडलेले गाईच्या पोटात, तेथून दुधात, दुधातून मुलाच्या अंगात, हा रस्ता सर्वांत जवळचा. येथे एक विलक्षण गोष्ट आहे. गाईचे शरीर कॅल्शियम दुधात सोडते आणि स्ट्रॉन्शियम पुष्कळसे अडवून धरते. म्हणून ज्यांना दूध मिळते, त्यांच्या हाडांसाठी येणाऱ्या कॅल्शियममागे स्ट्रॉन्शियम कमी असते. ज्यांच्या ताटात दूध नाही, केवळ भाकरी, भात आणि पाला आहे, त्यांना त्या प्रमाणात अधिक. बॉम्ब कोणी फोडावा आणि त्याची धूळ अधिक कोणाच्या वाट्याला यावी, याचा हा हिशेब वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

शरीरात गेलेल्या या कणांतून निघणारे किरण पेशींमधील जीवनसूत्रे तोडतात. मोठी मात्रा एकदम मिळाली तर उलट्या, केस गळणे, रक्त कमी होणे, मृत्यू. थोडी मात्रा मिळाली तर शरीर बहुतेक दुरुस्ती करून घेते. क्वचित दुरुस्ती चुकते आणि वर्षांनी कर्करोग उभा राहतो. तेव्हा थोड्या मात्रेला एका माणसापुरते पाहिले तर धोका अगदी लहान, पण कोट्यवधी माणसांत वाटला गेला तर तो शून्य राहत नाही.

एप्रिल १९५४ मध्ये पंडित नेहरूंनी लोकसभेत अशा चाचण्या तहकूब कराव्यात अशी मागणी केली. १९५६ साली डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या देखरेखीखाली भारत सरकारने अणुस्फोटांच्या परिणामांवर एक पुस्तक प्रसिद्ध केले, त्याला नेहरूंची प्रस्तावना आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने किरणोत्सर्गाच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी १९५५ साली एक शास्त्रीय समिती नेमली. त्या पंधरा राष्ट्रांत भारत होता आणि भारतातर्फे त्यात बसत होते आपले डॉ. वसंत रामजी खानोलकर. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील हे मराठी विकृतिशास्त्रज्ञ, पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. तंबाखू चघळण्याने, चुट्ट्याने, एवढेच काय, कमरेला धोतर घट्ट कसण्याच्या सवयीने होणारे कर्करोग त्यांनी जगापुढे मांडले होते. (आपल्याकडे खर्रा चघळणारी तरुण मुले अणूच्या भीतीने बोलू लागतात, तेव्हा मला खानोलकरांची आठवण होते. तंबाखूच्या पानात पोलोनियम नावाचे किरणोत्सर्गी द्रव्यही असते, हे त्या मुलांना सांगून पाहावे.) समितीचा पहिला अहवाल १९५८ साली आला. चाचण्यांची धूळ साऱ्या जगाच्या अन्नात पोहोचली आहे हे त्यातून कागदोपत्री सिद्ध झाले.

या काळात भाभा काय करीत होते? ऑगस्ट १९५५ मध्ये जिनीव्हा येथे अणूच्या शांततामय उपयोगावर मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिचे ते अध्यक्ष होते. हायड्रोजनच्या मीलनातून वीज वीस वर्षांत हाती येईल असे भाकीत त्यांनी तेथे केले. ते खोटे ठरले; थोरांचीही भाकिते चुकतात. परत येऊन त्यांनी तुर्भ्याला पहिली अणुभट्टी उभी केली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ती सुरू झाली. पाण्याच्या हौदात बुडवलेली ती भट्टी निळ्या प्रकाशाने उजळली. तिला अप्सरा हे नाव नेहरूंनी दिले.

भट्टीबरोबरच भाभांनी तुर्भ्याला आरोग्याची काळजी घेणारी शास्त्रज्ञांची एक वेगळी तुकडी उभी केली. डॉ. ए. के. गांगुली हे तिचे प्रमुख. काम करणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर फिल्मची एक लहान चकती लावली जाई. महिन्याच्या शेवटी ती धुऊन पाहिली, की त्या माणसाला किती किरण लागले ते काळेपणावरून समजे. हजेरीपट असतो तसा हा किरणांचा पट. हवेचे, पावसाच्या पाण्याचे, दुधाचे नमुने तपासण्याचे कामही त्याच शास्त्रज्ञांकडे आले. दुसऱ्या राष्ट्रांच्या बॉम्बची आपल्यावर पडणारी धूळ मोजणे आणि आपल्या भट्टीतून बाहेर काय जाते ते मोजणे, ही दोन्ही कामे एकाच हाताने होऊ लागली.

१९६० सालच्या फेब्रुवारीत भाभांनी एक लेखी आदेश काढला. त्याचा आशय असा, की केंद्रात किरणोत्सर्गी द्रव्ये अशा रीतीने हाताळली जावीत की येथील कामगाराला किंवा बाहेरच्या कोणालाही इजा होऊ नये; आणि एवढ्यावर न थांबता, ती हाताळणी इतकी आदर्श असावी, की देशातल्या इतर संस्थांना तिचे अनुकरण करावयास सांगता यावे. आदेश चार ओळींचा. वर्षाला शेकडो परिपत्रके आपण शिक्षक वाचतो आणि फाइलला लावतो. पण या आदेशात बाहेरच्या कोणालाही हे शब्द आले आहेत, ते मला फार मोलाचे वाटतात. कारखान्याच्या भिंतीबाहेर राहणाऱ्या, त्या कारखान्याचे नावही न ऐकलेल्या माणसाला त्यांनी हिशेबात धरले. त्याच वर्षी जुलैत कॅनडाच्या मदतीने उभारलेली सायरस ही मोठी भट्टी तुर्भ्याला सुरू झाली.

भाभा स्वभावाने रसिक आणि हट्टी. स्वतः चित्रे काढीत. बांधकामाच्या वाटेत आलेले झाड तोडू देत नसत, मुळासकट उचलून दुसरीकडे लावावयास सांगत. कुलाब्याच्या टाटा संस्थेच्या भव्य दालनात एक प्रचंड भित्तिचित्र आहे; ते मकबूल फिदा हुसेन यांचे. आपल्या पंढरपुरात जन्मलेला हा चित्रकार निवडताना भाभांनी स्पर्धा ठेवली होती. भाभा अविवाहित राहिले.

त्यांच्या कामावर टीका करणारेही होते आणि ते लपविण्याचे कारण नाही. गोव्यात जन्मलेले थोर गणिती व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी हे टाटा संस्थेतच होते. (कोसंबींनी तरुणपणी अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठात गणित शिकविले होते, हे आपल्या संस्थेच्या वाचकांना आवडेल.) जागतिक शांतता चळवळीत त्यांनी भाग घेतला, आणि भारतासारख्या उन्हाच्या देशाने महागड्या अणुविजेपेक्षा सूर्याच्या उष्णतेकडे वळावे असे ते उघडपणे सांगत. १९६२ साली त्यांना संस्था सोडावी लागली. आज आपल्या जिल्ह्यात घरांच्या गच्चीवर सौर पट्ट्या दिसतात, तेव्हा कोसंबींच्या बोलण्याला अर्थ होता हे मान्य करावे लागते. दुसरा आक्षेप गुप्ततेचा. आयोगाचे अध्यक्ष, खात्याचे सचिव, केंद्राचे संचालक, सगळे भाभाच. १९६२च्या कायद्याने अणूविषयीची पुष्कळ माहिती सरकारला झाकून ठेवता येऊ लागली. ज्याने भट्टी बांधावयाची त्यानेच धूळ मोजावयाची, आणि मोजमाप दाखवावयाचे की नाही हेही त्यानेच ठरवावयाचे, ही व्यवस्था चांगला माणूस आहे तोवर चालते. सुरक्षिततेसाठी वेगळे नियामक मंडळ स्थापन झाले ते १९८३ साली, भाभांच्या पश्चात सतरा वर्षांनी.

आणि तिसरी गोष्ट. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी, भाभांच्या बावन्नाव्या वाढदिवशी, सोव्हिएत संघाने आर्क्टिकमध्ये पन्नास मेगाटनांचा बॉम्ब उडविला. एवढा मोठा पुन्हा कोणी उडविला नाही. ऑगस्ट १९६३ मध्ये हवेतील चाचण्या बंद करण्याचा करार झाला व भारताने त्यावर लगेच सही केली. पण १६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने लोप नोर येथे पहिला अणुबॉम्ब उडविला, आणि आठवड्याभरात भाभांनी आकाशवाणीवरून भाषण केले. त्यात बॉम्ब फारसा खर्चिक नसतो असे त्यांनी आकडे देऊन सांगितले. बाहेरच्या माणसाला इजा होऊ नये म्हणून आदेश काढणारे भाभा आणि बॉम्बचा खर्च सांगणारे भाभा हे एकच. मला या दोघांची सांगड अजून घालता आलेली नाही, म्हणून ती दोन्ही वाचकांपुढे ठेवतो.

मग आपल्या रिठदवर ती धूळ पडली काय? पडली. हवेत एकंदर पाचशेहून अधिक चाचण्या झाल्या, शेवटची चीनने १९८० साली केली. त्या काळात वाढलेल्या जगातील प्रत्येक मुलाच्या हाडांत स्ट्रॉन्शियमचा थोडा अंश गेला. आमच्या वडिलांच्या पिढीच्याही. साठाच्या दशकात उत्तर गोलार्धातील हवेत किरणोत्सर्गी कार्बन जवळजवळ दुप्पट झाला होता. करारानंतर दरवर्षी हे प्रमाण उतरत गेले. तारापूरचे अणुवीज केंद्र, ज्याचा निर्णय भाभांनी घेतला व जे १९६९ साली सुरू झाले, आपल्या गावापासून सरळ रेषेत सुमारे साडेचारशे किलोमीटर पश्चिमेस आहे. पावसाळ्यात वारा त्याच दिशेने येतो. रोजच्या कामात अशा केंद्रातून बाहेर जाणारे प्रमाण निसर्गाच्या किरणांपुढे अगदी थोडे असते. प्रश्न रोजच्या दिवसाचा नसतो. २६ एप्रिल १९८६ रोजी युक्रेनमध्ये चेर्नोबिलची भट्टी फुटली. बाहेरच्या जगाला ते कळले दोन दिवसांनी, ते स्वीडनमधील एका अणुकेंद्रात कामगाराच्या बुटांवर धूळ सापडली म्हणून. तोपर्यंत त्या भागातील मुले दूध पीतच होती. पुढच्या वीस वर्षांत त्या मुलांत कंठस्थ ग्रंथीच्या कर्करोगाचे सहा हजारांहून अधिक रोगी आढळले. तेथे किरण मोजणारी यंत्रे होती, दूध पिऊ नका असे कोणी वेळेवर सांगितले नाही.

मी हे सारे त्या विद्यार्थिनीला सांगितले. तिचे वडील भंगाराचा व्यवसाय करतात, म्हणून आणखी दोन हकिगती मुद्दाम सांगितल्या. १९८७ साली ब्राझीलमधील गोयानिया शहरात बंद पडलेल्या दवाखान्यातून दोघांनी एक यंत्र काढून नेले आणि भंगारवाल्याला विकले. आतल्या डबीत सिझियमची भुकटी होती, अंधारात निळी चमकणारी. लोकांनी ती घरी नेली, अंगाला लावली. एका लहान मुलीने त्याच हातांनी जेवण केले. चौघे मरण पावले, आणि लाखाहून अधिक लोकांना स्टेडियममध्ये रांगेत उभे करून तपासावे लागले. दुसरी हकिगत आपल्या देशातली. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात विद्यापीठाने लिलावात काढलेले एक जुने यंत्र आले. ते फोडल्यावर कोबाल्ट-६० बाहेर पडले. एक कामगार दगावला, इतर काही जण गंभीर आजारी झाले. यंत्रासोबत तो धोका काय आहे हे घेणाऱ्याला कोणी सांगितले नव्हते. त्या बाजारात भाभांचा आदेश पोहोचला नव्हता. मुलीने ते तीन पात्यांचे चिन्ह पुन्हा एका मोठ्या पुठ्ठ्यावर काढले आणि वडिलांच्या काट्याशेजारी टांगले आहे. जड, शिसे लावलेली, सीलबंद अशी कोणतीही पेटी आली तर ती न फोडता दूर ठेवावी आणि पोलिसांना कळवावे, एवढे तिने घरी पटवून दिले आहे.

भाभांचा शेवट आपल्याला माहीत आहे. व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुशक्ती संस्थेच्या सभेसाठी ते निघाले होते. २४ जानेवारी १९६६ रोजी सकाळी एअर इंडियाचे कांचनगंगा हे विमान आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. विमानातील ११७ जणांपैकी कोणीही वाचले नाही. भाभांचे वय होते छप्पन्न. पुढल्या वर्षी तुर्भ्याच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.

तो पर्वत बर्फाचा आहे आणि बर्फ वर्षाला एक थर या रीतीने साचतो. अजूनही उन्हाळ्यात हिमनदी वितळली की त्या विमानातील काही वस्तू खाली येतात. २०२० साली जानेवारी १९६६ची भारतीय वर्तमानपत्रे मिळाली, अक्षरे वाचता येण्याजोगी. त्याच पर्वताच्या माथ्याजवळ शास्त्रज्ञांनी खोल भोक पाडून बर्फाचा लांब दांडा काढला आणि थराथराने तपासला. त्यात सिझियम दोन ठिकाणी ठळक दिसले. वरचा थर १९८६चा, चेर्नोबिलचा. खालचा १९६३चा, बॉम्बच्या चाचण्यांचा. भाभा गेले त्या हिवाळ्याचा बर्फ या दोहोंच्या मध्ये आहे.